महफुझाचे झगे

ताश्कंदहून कोकंदला येणाऱ्या गाडीत शरोफत सलवारीचं इलॅस्टिक मुठीत धरून बसली होती. पोटावर पाच लहान भोकं, त्यातलं सगळ्यात खालचं नेमकं त्या इलॅस्टिकखाली. घाटात गाडी वळली की ते इलॅस्टिक जखमेवर बसे आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी तिने सलवार चार बोटं पोटापासून दूर ओढून धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही. उतरताना हाताची बोटं वाकडीच्या वाकडी राहिली होती.

दवाखान्यातून निघताना नर्सने एक कागद दिला होता. काय प्यायचं, किती चमचे, किती चालायचं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सैल, मऊ आणि पोटाला न दाबणारे कपडे घालावेत. ते वाचून शरोफतला हसू आलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती शिवण करत होती. मोहल्ल्यातल्या जाड बायका तिच्याकडेच यायच्या, कारण ती स्वतः एकशे बत्तीस किलोंची होती आणि कुणाच्या कमरेभोवती टेप फिरवताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. लग्नातले, सुतकातले, बाळंतपणानंतरचे झगे तिने शिवले. आणि वजन उतरवायला स्वतःचं पोट कापून घ्यायला जाताना पुढे अंगावर काय घालायचं, हे तिला सुचलंसुद्धा नव्हतं.

फाटकात शेजारची रिसोलत उभी होती. तिने शरोफतला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं, लोक ताश्कंदला जातात ते काहीतरी घेऊन येतात. तू पोट ठेवून आलीस होय!"

"हसवू नकोस, टाके ओढतात."

"आणि सलवार अशी का धरलीयेस? पळून जातेय का ती?"

शरोफत हसली आणि लगेच कळवळली. आतून तिची आई, तुर्सुनओय, काठी टेकत आली. पंचाहत्तर वर्षांची, वाळलेल्या जर्दाळूसारखी सुरकुतलेली. तिने लेकीच्या खांद्यावर थोपटलं आणि ओट्यावर गादी पसरली.

घरात या दोघीच. बाप कधीच गेला होता. शरोफतला तरुणपणी रिश्तोनला दिली होती, पण मूल झालं नाही म्हणून सहा वर्षांनी नवऱ्याने परत पाठवलं. मोठी बहीण महफुझा, तीही आता नव्हती. द्राक्षाच्या मांडवाखालचा ओटा, दोन खोल्या, शिवणयंत्र आणि आई, एवढाच शरोफतचा संसार.

पुढचे तीन दिवस कपड्यांनी तिचा जीव नकोसा केला. जुने झगे तंबूएवढे, पण छातीखाली चुण्यांचा जो जाड पट्टा तिने हौसेने घातला होता, तो नेमका वरच्या टाक्यांवर घासे. रिसोलतने बाजारातून मखमली गाऊन आणला. त्याची चेन गळ्यापासून पायापर्यंत, आणि वाकलं की तिचे दात पोटात रुतत. बापाचा जुना सदरा घालून पाहिला, तर बटणं टोचली. दवाखान्याने दिलेला रुंद पट्टा पोटाला बांधायचाच होता. त्याच्यावर कापड गोळा होई आणि घामाने चिकटे. यंत्रावर बसून स्वतःला काही शिवावं, तर पायडल मारायला पोट साथ देईना. चौथ्या दिवशी तिने सगळं काढून फेकलं आणि चादर गुंडाळून ओट्यावर बसून राहिली.

"नवजात पोरासारखी," ती चिडून म्हणाली. "एवढी वर्षं शिवलं, आणि स्वतःला घालायला एक धड कापड नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग काठी टेकत आतल्या खोलीत गेली. संदुकीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातावर घडी घातलेला जांभळा झगा होता.

"हा घाल."

शरोफतने घडी उलगडली आणि तिचे हात थांबले. जांभळ्यावर पांढऱ्या कोयऱ्या. मऊ, पुष्कळदा धुतल्यासारखं कापड. समोरून बेंबीच्या खालपर्यंत उघडा, बटणांऐवजी कापडाच्या नाड्या, त्याही मध्ये नव्हत्या, बाजूला काखेखाली बांधायच्या. पोटावर एकही चूण नाही. सलाईनची नळी जावी म्हणून बाह्या रुंद. आणि शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून अंगाला दोरासुद्धा लागू नये.

"ओयी," ती आईला म्हणाली, "हा ओपाचा. महफुझाचा."

"हो. तूच शिवलेला."

एकवीस वर्षांपूर्वी महफुझाचं पोट कापलं होतं. आजार निराळा होता, आणि तो बरा होणारा नव्हता. तीही शरोफतसारखीच उंच आणि भरलेली, दोघी बहिणी एकाच साच्यातल्या. तेव्हा शरोफत रिश्तोनला होती. आई निरोपाबरोबर मापं पाठवी आणि शरोफत सासूची नजर चुकवून शिवून पाठवी. आधी एक झगा. मग महफुझा उतरत गेली तसा दुसरा, त्याहून लहान. मग तिसरा. मग चौथा. चौथा पाठवला आणि अकराव्या दिवशी निरोप आला.

"पण हे सगळं तेव्हाच द्यायला हवं होतं ना? होजर-खोलाला?"

मेलेल्या बाईचे कपडे तिला न्हाऊ घालणारीला द्यायचे, ही तिथली रीत. घरात ठेवत नाहीत.

"दिलं थोडं," आई म्हणाली. "घाल तू. चांगलं कापड आहे."

शरोफतला नको म्हणायचं होतं. पण कापड इतकं मऊ होतं, आणि पोट इतकं सोललेलं होतं. तिने तो अंगात घातला, बाजूला नाडी बांधली. कुठे काही लागेना, दाबेना, टोचेना. असा हलकेपणा तिला ऑपरेशनच्या आधीसुद्धा कित्येक वर्षांत लाभला नव्हता. ती तिथेच ओट्यावर आडवी झाली आणि दुपारभर झोपली.

ऑपरेशनला चाळीस दिवस झाले त्या सकाळी ती उठली तर उशाशी दुसरा झगा घडी करून ठेवलेला होता. हिरवा, तोच घाट. शरोफतला नवल वाटलं, कारण जांभळा तिला अजून नीट बसत होता. पण त्याच दिवशी संध्याकाळी चहा ओतताना जांभळ्याचा गळा खांद्यावरून घसरला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने हिरवा घातला. तो अंगावर असा बसला, जणू त्याच दिवशी माप घेतलं होतं.

रिसोलत लग्नाचा झगा शिवायला टाकायला आली तेव्हा शरोफत पाठमोरी, वेलीची पानं खुडत उभी होती. फाटकात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. रिसोलतने कापडाची पिशवी खाली टाकली होती आणि तोंडावर हात ठेवला होता.

"काय झालं गं?"

"तोबा, तोबा... पाठीवरून मला वाटलं..." रिसोलतने वाक्य सोडून दिलं. मग उगाच मोठ्याने म्हणाली, "भरभर उतरतेयस हां! माझं पण थोडं घेऊन जा म्हणावं डॉक्टरांना."

"अर्धी तू उतरलीस तरी मोहल्ल्याचा रस्ता रुंद होईल."

"हो का! बोलायला लागलीस बारीक झाल्याबरोबर."

दोघी हसल्या, पण रिसोलत ओट्यावर बसली नाही. माप उभ्यानेच दिलं आणि गेली.

कोकंदचा वारा कुणाला सांगायला नको. पश्चिमेकडून सुटला की दोन दोन दिवस थांबत नाही. शरोफत धुतलेले झगे दोरीवर घाली आणि वारा त्यांच्यात शिरे. जांभळा फुगे, बाह्या उचले, छातीशी भरे, खाली पोटाशी भरे. मांडवाखालून पाहिलं की एक जाडजूड बाई दोरीला हात लावून उभी असल्यासारखी दिसे. वारा पडला की ती एकदम रिकामी होई. आई ओट्यावर बसून ते बघत राही. शरोफतने एकदा दोरी घराच्या मागे बांधली, तर आईने ती सोडून पुन्हा समोर बांधली.

आई तिला महफुझा म्हणून हाक मारू लागली ती याच सुमाराला.

"महफुझा, दही घेतलंस?"

"मी शरोफत, ओयी."

"हो, हो, शरोफत. दही घे."

सुरुवातीला शरोफत दर वेळी सुधारत असे. मग दिवसातून एकदा. मग तिने सोडून दिलं. म्हातारं माणूस, सुखात आहे ना, मग काय बिघडतं? आणि आई खरंच सुखात होती. काठी विसरू लागली होती. स्वतः नान भाजे, रस्सा गाळून दोन चमचे वाटीत काढून देई. एक दिवस "महफुझा" अशी हाक आली आणि शरोफतने हातातलं काम न थांबवता "आले हं" म्हटलं. म्हटल्यावर तिला कानामागे थंड वाटलं. पण ओ तर देऊन झाली होती.

तिसरा झगा आला, निळा. दवाखान्यात तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं, पण तो लग्नसराईचा हंगाम. शरोफत आता यंत्रावर बसू शकत होती, आणि कापडाचे ढीग पडले होते. शिवाय तिला काळजी वाटतच नव्हती. खाल्लेलं अधूनमधून उलटून पडे, पण ऑपरेशन केलेल्या सगळ्यांचं तसंच होतं असं तिने ऐकलं होतं. वजनाचा काटा घरात होता, तो तिने पलंगाखाली सरकवून दिला होता. काट्याची गरजच काय? झगा सांगत होता ना. गळा घसरायची वेळ आली की नवा झगा उशाशी येई, आणि तो बरोबर बसे. सगळं जसं व्हायला हवं तसंच होतंय, असं तिला वाटे. जन्मभर मापांवर विश्वास ठेवलेली बाई ती.

सप्टेंबरात चौथा आला, राखाडी, बारीक ठिपक्यांचा. हा शिवतानाची रिश्तोनची दुपार तिला लख्ख आठवत होती. सासू झोपलेली, आणि आपण कैची चालवताना मनात म्हणतोय, एवढी लहान? ओपा एवढी लहान झाली? तो झगा तिने घातला, आणि त्या दिवसापासून दिवस मोजू लागली. एक, दोन, पाच. केस गळत होते. हात गार पडत. अकराव्या दिवशी तिने एकही कापड कापलं नाही. सकाळपासून ओट्यावर बसून राहिली, आपण कशाची वाट बघतोय ते स्वतःलाही न सांगता. बारावा दिवस उजाडला. काही झालं नव्हतं. ती स्वतःवरच हसली आणि रिसोलतला हाक मारून तिने तिच्याशी तासभर गप्पा मारल्या.

महिन्याच्या शेवटी राखाडी झगाही सैल पडला. आता स्वतःला नवीन काहीतरी शिवू, असं तिने ठरवलं. पिवळं कापड काढून ठेवलं.

सकाळी उशाशी पाचवा झगा होता.

 शरोफतने चारच शिवले होते. घाट तोच, बाजूच्या नाड्या त्याच, शिवणी बाहेरून. तिने तो उलटा करून खिडकीशी नेला. यंत्राची शिवण नव्हती. हातशिलाई, बारीक टाके, मध्येच एखादा लांब, डोळ्यांना न दिसणाऱ्याने घातल्यासारखा.

"ओयी, हा कुणाचा?"

"महफुझाचा."

"मी नाही शिवला."

"थंडी पडायला लागली, घाल," आई म्हणाली आणि चहाची किटली घेऊन उठली.

शरोफतने झगा घातला. खांद्याला खांदा, काखेला काख. बाहीसुद्धा मनगटाच्या हाडावर जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. तिचं हे आजचं माप कुणी घेतलं नव्हतं. तिलाच ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर सरता सरता सहावा आला. आता रस्साही पोटात राहत नव्हता. दोन चमचे घेतले की छातीखाली दगड बसल्यासारखं होई आणि मग सगळं परत येई. उभं राहिलं की मांडव फिरे. रिसोलत म्हणाली, "बास झालं आता उतरणं! आम्हाला दिसेनाशी होशील." शरोफत म्हणाली, "अजून झगा बसतोय नीट." रिसोलतला त्याचा अर्थ कळला नाही. ती तिच्याकडे बघत राहिली, आणि या खेपेला काही थट्टा केली नाही.

मग एका दुपारी मोहल्ल्यात कुणाकडे तरी नमाज पढायला म्हाताऱ्या जमल्या होत्या, तिकडे आई गेली. घरात कुणी नव्हतं. शरोफत आतल्या खोलीत गेली आणि तिने संदूक उघडली.

वर रजया होत्या. त्याखाली आईचं स्वतःचं कफनाचं कापड, सगळ्या म्हाताऱ्या ठेवतात तसं. त्याखाली झगे. तिला वाटलं होतं एखाद-दुसरा असेल. ती एकेक काढत गेली आणि जमिनीवर पसरत गेली. सातवा. आठवा. नववा. कापडं निरनिराळ्या काळातली, काही तिच्याच शिवणाच्या उरलेल्या तुकड्यांची, तिला ओळखू आली. हे आईने कधी उचलले? घाट एकच. पाठोपाठ मांडले तेव्हा तिला दिसलं की लांबी सगळ्यांची सारखी होती, उंच बाईची, तिच्या स्वतःच्या उंचीची. फक्त रुंदी कमी कमी होत गेली होती. दहावा पोरसवदा मुलीच्या अंगाएवढा. बारावा दोन वीत रुंद. भिंतीपाशी शेवटचा ठेवला, तो पंजाएवढा रुंद होता. त्याला बाह्या होत्या, बोट जेमतेम जाईल अशा. त्यालाही बाजूला नाडी होती, नीट, प्रेमाने दुमडून शिवलेली.

दारात काठी वाजली.

आई रागावली नाही. खाली मांडलेल्या रांगेकडे तिने असं पाहिलं, जसं वाळत घातलेल्या शेवयांकडे बघावं.

"अजून वेळ होता त्यांना," ती म्हणाली.

"ओयी, हे काय आहे?"

"ती येते ना. स्वप्नात. वर्षातून एकदा, कधी दोनदा. पाठमोरी असते, अंगणात उभी. दर खेपेला आधीपेक्षा बारीक. झगा खांद्यावरून ओघळत असतो तिच्या. आईला बघवतं का? मग मी शिवते."

"तिथे माणूस बारीक होतं का, ओयी?"

"होत असेल. मला दिसतं ते मी सांगते." तिने पंजाएवढा झगा उचलला आणि त्याची घडी घालू लागली. "तू आलीस परत, म्हटलं, चला, शिवलेलं कामाला आलं."

शरोफतच्या अंगावर सहावा होता. जमिनीवर सातवा, तिच्या पावलांना लागून. तिने हात घालून स्वतःच्या झग्याचा गळा चाचपला. तो खांद्यावरून अर्धा उतरला होता.

ती तशीच, अनवाणी, रिसोलतच्या फाटकात गेली. "मला ताश्कंदला ने," म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

रिसोलतच्या जावयाने लगेच गाडी काढली, रिसोलतही बरोबर बसली. घाटात शरोफत दोनदा बेशुद्ध झाली. दवाखान्यात ऑपरेशन केलेल्या त्याच डॉक्टरीणबाई होत्या, मलिका-खानीम, ठेंगण्या आणि तिखट. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून त्यांचा आवाज चढला.

"एकाहत्तर? साडेपाच महिन्यांत? तीन महिन्यांनी बोलावलं होतं ना तुम्हाला! कुठे होतात?"

"मला वाटलं बरोबर चाललंय."

"कशावरून वाटलं?"

शरोफतने झग्याचा उतरलेला गळा खांद्यावर ओढला. 

नळी घालून पाहिलं तेव्हा कळलं की पोट आणि आतडं जिथे जोडलं होतं ती वाट आवळून गेली होती. दोरा ओवायच्या भोकाएवढी उरली होती. पाणीसुद्धा थेंब थेंब उतरत होतं. आणखी दोन आठवडे गेले असते तर, असं म्हणून मलिका-खानीम थांबल्या. त्यांनी ती वाट फुगा घालून रुंद केली, एकदा, आठ दिवसांनी पुन्हा. सलाईनवर ती पडून होती तेव्हा रिसोलतने विचारलं, "कपडे काय आणू तुला घरून?"

"घरून काही नको. बाजारातून आण. कुठलंही आण, फक्त कोरं हवं."

रिसोलत आणते काय, तर पुरुषांचा भला मोठा सुती सदरा, छातीवर कसल्याशा इंग्रजी अक्षरांचा आणि एका हसऱ्या टरबुजाचा. खाली नाडीची ढगळ विजार. सदरा कुठेच बसत नव्हता. खांदे कोपराशी, गळा तिरका. शरोफतने तो घातला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू आलं. "एवढं वाईट नाही हां दिसत," रिसोलत घाबरून म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती वाटीभर रस्सा प्याली आणि तो पोटात राहिला.

घरी आली ती गुरुवारी. मृतांसाठी तेलाचा वास दरवळवायचा वार. तिने स्वतः कढई ठेवली, पातळ पुऱ्या तळल्या, आणि होजर-खोलाला बोलावणं धाडलं.

होजर-खोला मोहल्ल्यातल्या बायकांना न्हाऊ घालणारी. ऐंशीच्या घरातली, पण हात अजून दांडगे. मोहल्ल्यात बहुतेक बायका तिला बघितलं की रस्ता बदलत. ती आली, ओट्यावर बसली, पुरी खाल्ली. शरोफतने संदुकीतले सगळे झगे आणून तिच्यापुढे ठेवले.

"एकवीस वर्षं उशीर झाला, खोला. तुमचं तुम्हाला."

आई कोपऱ्यात बसून बघत होती. अडवलं नाही. होजर-खोलाने वरचे चार नीट पाहिले, बाजूला ठेवले. मग खालचे उचलले. एकेक करून मांडीवर पसरले. पंजाएवढा हातात आला तेव्हा ती आईकडे वळली.

"हे काय गं, तुर्सुनओय?"

"तिचेच. बारीक झालीय ती फार."

"कोण? महफुझा?" होजर-खोलाने मान हलवली. "मी न्हाऊ घातलंय तिला. शेवटी अंगात पाणी भरलं होतं तिच्या. पोट हे एवढं. तुझ्या धाकटीने पाठवलेला झगा तर अंगात गेलाच नव्हता, नुसता वर घातला होता. मी आणि माझी भावजय, दोघींनी मिळून कूस बदलली तिची. विसरलीस? भरलेली गेली तुझी पोर. बारीक नव्हती."

 आईचे ओठ काहीतरी चाचपडत असल्यासारखे हलले.

"हो," ती म्हणाली. "पाणी होतं. खरंच की." मग म्हणाली, "मग मला दिसायची ती कोण?"

 आईने हळूहळू मान वळवली आणि टरबुजाच्या सदऱ्यातल्या शरोफतकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती आणि भीतीही होती, आणि शरोफतला त्यातलं काय आपल्यासाठी आहे ते कळेना. कढईतलं तेल अजून चुरचुरत होतं.

होजर-खोलाने चार झगे गाठोड्यात बांधले. बाकीच्यांना तिने हात लावला नाही. "हे कुणाच्याच अंगावरचे नाहीत," ती म्हणाली, "हे मी नेत नाही," आणि दुआ मागून गेली.

ते झगे शरोफतने हिवाळाभर उसवले. आई शेजारी बसून दोरे ओढी. आईचा हात तिच्यापेक्षा जलद चाले. आपले टाके कुठे आहेत ते तिला न बघता कळत होतं. उरलेले कापडाचे तुकडे शरोफतने कशाला वापरले नाहीत. वसंतात वारा सुटला तेव्हा ते गाठोडं तिने नदीला सोडून दिलं.

वजन पुढे अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबलं. मलिका-खानीम खूश होत्या. आपल्याकडच्या बायकांना त्या शरोफतचा पत्ता देऊ लागल्या, तेव्हा ऑपरेशन झालेल्या बायका लांबून तिच्याकडे यायच्या, सलवारी पोटापासून दूर धरून. शरोफत त्यांना सैल झगे शिवून देई, बाजूला नाड्या, शिवणी बाहेरून. एका वेळी एकच देई. पुढचा हवा तर पुन्हा या, म्हणे, मी टेप लावल्याशिवाय कापत नाही. स्वतःला तिने पिवळ्या कापडाचा शिवला, जरासा घट्टच, आणि तो उसवायची वेळ येते का ते बघत राहिली.

आईने तिला पुन्हा कधी महफुझा म्हटलं नाही. स्वप्नं पडतात का, विचारलं तर नाही म्हणे. फक्त कधीकधी, भर दुपारी, भाजी निवडता निवडता ती हात थांबवी.

"शरोफत, वळ बघू जरा."

शरोफत उठून अंगणात तिच्याकडे पाठ करून उभी राही. मागे काही आवाज होत नसे. वारा झग्याशी खेळे, आणि ती मान न वळवता वाट बघे. कधी एवढा वेळ जाई की तिला वाटे, आपल्या जागी दुसरंच कुणी उभं आहे आणि आई त्याच्याशी मनातल्या मनात काही ठरवतेय.

"हं," आई शेवटी म्हणे. "बस आता. चहा घे."